रंकाळ्याच्या लाटेसाठी सायकलींचा हिशेब

कोल्हापूरच्या रंकाळ्याचं पाणी एनईएस या निन्टेन्डोच्या जुन्या गेम-कन्सोलच्या पडद्यावर हलवायचं, तर पडद्याच्या दर ओळीला आडवा स्क्रोल (चित्र किती सरकवायचं तो आकडा) बदलावा लागतो. एनटीएससी (अमेरिका-जपानची टीव्ही पद्धत) मशीनवर एक ओळ ११३.६७ सायकलींची (सायकल म्हणजे प्रोसेसरचा एक ठोका), म्हणून दोन ओळी ११४ च्या, तिसरी ११३ ची. बेरीज ३४१.

पुढच्या ओळीपर्यंत थांबण्याचा लूप, असेम्ब्लीत: एलडीएक्स २२ (एक्समध्ये २२ भरा; २ सायकल), मग डीईएक्स (एक्समधून १ वजा; २) आणि बीएनई (शून्य झालं नसेल तर उडी मारून परत डीईएक्सकडे; उडी मारली तर ३, शेवटी २). झाल्या १११. पुढे एनओपी (काहीच न करणारी सूचना, २ सायकल) टाकला की ११३, त्याऐवजी झिरो पेजवरचं (मेमरीच्या पहिल्या २५६ बाइटांतली जागा वाचणारं) बीआयटी (३ सायकल) टाकलं की ११४. स्क्रोल लिहायच्या सायकली यातूनच काढायच्या, तेवढे फेरे कमी करा.

खरा रडवतो तो बीएनई! त्याची उडी मेमरीच्या २५६ बाइटच्या पानाची हद्द ओलांडत असेल, तर दर उडीला १ सायकल जादा. १११ च्या १३२ होतात, लाट पार विस्कटते. लूप अलाइन करून एकाच पानात ठेवाच.