बेडकाच्या लाल रक्तपेशींचं माप घ्यायचं कसं

बेडकाच्या रक्ताची तयार स्लाईड मिळाली तर उत्तम, उगाच बेडूक पकडायच्या फंदात पडू नका. आधी मायक्रोस्कोपच्या १०x लेन्सवर फोकस करा आणि स्मिअरचा (काचेवर पसरलेल्या रक्ताच्या थराचा) पातळ भाग शोधा, जिथे पेशी एकमेकींवर चढलेल्या नाहीत, मग ४०x लावा. लंबगोल, गुलाबीसर पेशी आणि मधोमध जांभळा ठिपका दिसतो ना, तो ठिपका म्हणजे केंद्रक, आपल्या लाल पेशीत मोठी झाल्यावर ते नसतंच.

आता खरं काम. आयपीसमधल्या (डोळा लावतो त्या भिंगातल्या) पट्टीला स्वतःचं असं माप नसतं, म्हणून स्टेज मायक्रोमीटर (बारीक मापाच्या खुणा असलेली स्लाईड) ठेवून जुळवून घ्यायचं, त्याचा एक भाग १० मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). समजा आयपीसचे ४० भाग त्याच्या १० भागांवर बसले, म्हणजे १०० मायक्रॉनवर, तर एक भाग झाला २.५ मायक्रॉन. मग पेशी ९ भाग लांब नि ६ भाग रुंद भरली तर २२.५ बाय १५, बेडकात साधारण एवढंच येतं, माणसाची पेशी जेमतेम ७-८ मायक्रॉनची. लेन्स बदलली की परत जुळवा, इथेच सगळे गंडतात (मीपण गंडलोय).

एकाच पेशीवर विसंबू नका, २०-३० मोजून सरासरी काढा, आणि सुरकुतलेल्या, फाटलेल्या सोडून द्या. गोल दिसणाऱ्या एखाद-दुसऱ्या कोवळ्या किंवा पांढऱ्या पेशी असू शकतात, त्या वेगळ्या लिहा.

अ‍ॅम्फियुमा नावाच्या सॅलमँडरची स्लाईड मिळाली तर सोडू नका, पेशी जवळपास ७० मायक्रॉन लांब!