आउटबोर्डच्या ऑइलमध्ये पेट्रोल उतरत होतं, दोष सापडला

गंगापूर धरणात आमची छोटी बोट असते, तिला चार-स्ट्रोक, कार्ब्युरेटरचं आउटबोर्ड (बोटीच्या मागे बाहेरून बसवायचं) इंजिन. दर फेरीनंतर डिपस्टिकवर ऑइल वरच्या खुणेच्याही वर चढलेलं दिसायचं, पातळ, पेट्रोलचा वास येणारं. पाणी शिरलं असतं तर ते दुधाळ झालं असतं, तसं नव्हतं.

ऑइल दोनदा बदललं, कार्ब्युरेटरमध्ये जास्तीचं पेट्रोल अडवणारी फ्लोटची नीडल साफ केली. थर्मोस्टॅट (इंजिनचं तापमान राखणारी झडप) उघडा अडकून इंजिन थंड राहिलं तरी असं होतं, म्हणून तोही गरम पाण्यात तपासला, ठीक निघाला. दोन महिन्यांत जीव मेटाकुटीला आला.

शेवटी इंजिन थंड असताना, मोकळ्या हवेत, बॅटरीची निगेटिव्ह वायर काढली. फ्युएल पंपाचे बोल्ट काढून पंप इंजिनपासून सोडवला, नळ्या मात्र जोडलेल्याच ठेवल्या. मग टाकीच्या नळीवरचा रबरी फुगा कडक होईपर्यंत दाबला. पंपाच्या दांड्याकडून पेट्रोल ठिबकू लागलं! आतला डायफ्राम, म्हणजे पेट्रोल ढकलणारा लवचिक पडदा, फाटला होता. हा पंप कॅमवर, म्हणजे इंजिनच्या आत ऑइलमध्ये फिरणाऱ्या उंचवट्यावर चालतो, त्यामुळे गळणारं पेट्रोल थेट ऑइलमध्ये जात होतं.

आधी नवा पंप आणि नवी ओ-रिंग, त्यानंतरच ऑइल व फिल्टर. तोवर इंजिन अजिबात चालवू नका, पातळ ऑइलने बेअरिंग जातात. दहा तास चालवून पाहिलं, पातळी तिथंच आहे.