जर्दाळू, बेदाणे भिजत घालताना या चुका टाळा

जर्दाळू घातलेलं मटण किंवा बेदाण्यांचा पुलाव बिघडला की सगळे मसाल्याला नावं ठेवतात. माझ्या पाहण्यात घोळ बहुतेकदा भिजवतानाच झालेला असतो.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे घाई. पुतण्याच्या केळवणाला पारशी पद्धतीची जर्दाळू सल्ली बोटी, म्हणजे जर्दाळू घातलेलं मटण आणि वर बटाट्याच्या तळलेल्या काड्या, करायची ठरली होती. अर्धा किलो लडाखी जर्दाळू, बियांसकट, आदल्या रात्री भिजत घालायला भाचीला सांगून ठेवले होते. तिला आठवण झाली सकाळी दहाला, मग तिने ते कुकरला लावून तीन शिट्ट्या काढल्या. झाकण उघडलं तर गराची पार खळ झालेली आणि तळाशी नुसत्या बिया. ती खळ तशीच मटणात ओतली आणि मटण बुडाला लागलं. पंधरा माणसं पानावर बसायची होती आणि मी पातेलं बदलत उभी होते. सुका मेवा तासांच्या हिशेबाने भिजतो, त्याला शिट्ट्यांचा उपयोग नाही. कुकर न लावता नुसतं उकळतं पाणी ओतलं तरी वरची साल फाटते आणि आतला गर चामट राहू शकतो. लडाखी जर्दाळू रात्री नऊला कोमट पाण्यात घाला, पाणी फळांच्या वर दोन बोटं. नारिंगी मऊ जर्दाळूंना तासभर, बेदाण्यांना वीस मिनिटं पुरतात. मटणात जर्दाळू शेवटची दहा मिनिटंच शिजवा.

दुसरी चूक भिजवायच्या पाण्यात गरम मसाल्याची पूड घालण्याची. पूड बेदाण्यांच्या सुरकुत्यांत बसते आणि खाताना दाताखाली कचकच लागते. खडा मसालाच हवा, पण तो गार पाण्यात नुसता टाकून काही होत नाही, त्याचा वास उतरायला उष्णता लागते. मी कपभर पाण्यात दोन इंच दालचिनी, ठेचलेल्या तीन वेलच्या, चार मिरी आणि दोनच लवंगा पाच मिनिटं उकळते. झाकण ठेवून निवू देते, बोट बुडवून सहज धरता आलं की लागेल तेवढं कोमट पाणी मिसळून त्यात फळं घालते. लवंगा वाढवू नका, जीभ बधिर होते आणि जर्दाळूची आंबट-गोड चव कळतच नाही.

बेदाणे आधी धुवा. तासगावकडे द्राक्षं वाळवण्याआधी पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑइल (द्राक्षं लवकर वाळावीत म्हणून वापरायचं तेल) मिसळलेल्या पाण्यात बुडवून काढतात.

भिजवलेलं पाणी मोरीत ओतू नका. गाळून रश्श्यात घाला, आणि मग साखर किंवा गूळ चव बघूनच टाका.

चीजच्या ताटात अंजीर ठेवायचे असतील तर भिजवून झाल्यावर तासभर सुती फडक्यावर पसरून ठेवा, नाहीतर शेजारची बिस्किटं मऊ पडतात. भिजवून उरलेला मेवा फ्रिजमध्ये दोन दिवस टिकतो. आंबूस वास आला किंवा पाण्यावर फेस दिसला तर चाखून बघत बसू नका, टाकून द्या.