बायकोच्या आवडीची नोंद फोनमध्ये ठेवा

कोल्हापुरात महाद्वार रोडवर बांगड्यांचा दुकानदार विचारतो, "माप काय?" आणि लग्नाला पंधरा वर्षं झालेला नवरा हाताच्या बोटांनी हवेत गोल काढून दाखवतो. त्यावर सोपा उपाय म्हणजे फोनमध्ये बायकोच्या नावाची एक नोंद.

१. बांगडी: तिच्या रोजच्या बांगडीचा आतला व्यास पट्टीनं मोजा. साधारण ५.७ सेंमी भरला तर माप दोन-चार, ६ सेंमी म्हणजे दोन-सहा, ६.३ ते ६.४ म्हणजे दोन-आठ. काचेची बांगडी हवी असेल तर काचेचीच मोजा; उघडणारं कडं मोजलंत तर बांगडी हातात चढायची नाही.

२. चप्पल: जुनी चप्पल कागदावर ठेवून कड आखा, फोटो काढा. कोल्हापुरी कातडी चप्पल वापरून थोडी सैल होते, म्हणून जरा घट्टच घ्या.

३. खाणं: चहात साखर किती, मिसळीला कट जास्त की कमी, तांबडा रस्सा आधी की पांढरा, खासबागेतल्या भेळेत कांदा चालतो का. विचारू नका, ती स्वतः मागवते तेव्हा ऐका आणि लगेच लिहा. विचारलं की "काहीही चालेल" हेच उत्तर येतं, आणि ते खरं नसतं.

नावडीचा रकाना वेगळा ठेवा. माझ्या मते तोच जास्त उपयोगी. कुठला रंग नको, कुठल्या वासानं डोकं दुखतं, हे एकदा लिहिलं की निम्मी भांडणं टळतात.

एक सांभाळा: आवडी बदलतात, त्यामुळे दिवाळीआधी नोंद तपासा. आणि चारचौघांत "हिला हे आवडत नाही" म्हणून तिच्या वतीनं ऑर्डर देऊ नका.