मीटर पुन्हा पुन्हा बंद पडतोय? जुन्या पिकअपमध्ये या चुका टाळा

द्राक्षाचा हंगाम सुरू झाला की आमच्या दिंडोरी भागातल्या जुन्या पिकअपना उसंत नसते. अशाच धावपळीत आमच्या गाडीचा वेग दाखवणारा मीटर, म्हणजे स्पीडोमीटर, बंद पडला. मिस्त्रींनी गिअरबॉक्सवरची मीटरची पिनियन, म्हणजे केबल फिरवणारं छोटं दातेरी चाक, काढून दाखवली, नायलॉनचे दात गेले होते. नवी टाकली, ती पंधरा दिवसांत गेली. दुसरी पिनियन मी उन्हात धरून नीट पाहिली तेव्हा लक्षात आलं की हे दात झिजलेले नाहीत, सोलून निघालेत. वर डॅशबोर्डमध्ये मीटरच जाम झाला होता. पिनियनपासून मीटरपर्यंत जाणारी केबल फिरेना, खालून गिअरबॉक्सचा शाफ्ट थांबेना, आणि मधला सगळा ताण सर्वांत मऊ भागावर येत होता.

तुटलेला भाग बदलायचा आणि तो का तुटला हे बघायचंच नाही, ही या कामातली सगळ्यात महाग चूक. म्हणून आधी मीटरच्या मागचा केबलचा नट सोडवा आणि मीटरचं चौकोनी भोक बारीक चावीने किंवा केबलच्या तुकड्याने हाताने फिरवून बघा. ते अलगद फिरलं पाहिजे. अडकत असेल तर नवी पिनियन खिशातच ठेवा.

गाडीखाली शिरण्याआधी डॅशबोर्डकडे बघून निम्मं निदान होतं. मीटरमध्ये केबल एक चुंबक फिरवते. त्याच्याभोवती ॲल्युमिनियमची वाटी असते. दोघांचा एकमेकांना स्पर्श नसतो, पण फिरत्या चुंबकामुळे वाटीत विजेचे भोवरे उठतात, वाटी ओढली जाते आणि केसासारखी स्प्रिंग तिला रोखून धरते. काटा त्या वाटीवर बसवलेला असतो. किलोमीटरचे आकडे मात्र थेट दातांवर फिरतात. त्यामुळे काटा मेलाय पण आकडे पुढे सरकतायत, तर केबल आणि पिनियन ठीक आहेत, दोष मीटरमध्ये आहे. आकडे थांबलेत आणि काटा चालतोय, तरी तेच. दोन्ही बंद असतील तर खालून तपासा. जुनी माणसं केबलला ‘मीटरची वायर’ म्हणतात, त्यामुळे नवशिका पोरगा आधी इलेक्ट्रिक वायरिंग उसकटत बसतो. या गाड्यांच्या मीटरच्या काट्याला विजेची गरज नसते, वीज लागते ती फक्त आतल्या दिव्याला.

खालची तपासणी अशी करा: गाडी सपाट जागी उभी करा, पुढच्या चाकांना दगड किंवा ठोकळे लावा, मागचं एक चाक जॅकवर उचलून खाली स्टँड द्या, गिअर न्यूट्रलला ठेवून हँडब्रेक सोडा आणि चाक हाताने फिरवा. एकाने वर बसून केबलचं टोक फिरतंय का ते पाहावं. इंजिन चालू करून गिअरमध्ये टाकून हे बघू नका. जमिनीवरच्या चाकाला पकड मिळाली की गाडी जॅकवरून सुटते.

वरचं टोक फिरत नसेल तर केबल खालून सोडवा. पिनियनचा खाचा फिरतोय, म्हणजे केबल तुटली. तोही फिरत नसेल तर पिनियन काढा. पण आधी आजूबाजूचा चिखल डिझेल आणि ब्रशने धुवा, नाहीतर तो थेट गिअरबॉक्समध्ये पडेल. पिनियन काढल्यावर टॉर्च लावून भोकातून आतल्या वर्मचे, म्हणजे पिनियन फिरवणाऱ्या स्क्रूसारख्या गिअरचे, दात बघा. नवी पिनियन घेताना जुनीचे दात मोजा. ‘दिसायला सेम आहे’ यावर विसंबू नका, एका दातानेही आकडा चुकतो.

आता ग्रीसची चूक, कारण ती चांगल्या हेतूने होते. केबल करकरायला लागली, काटा वीस-तीसच्या वेगाला थरथरायला लागला की लोक केबल ग्रीसने भरून टाकतात. आतली तार पिळाची असते आणि फिरताना ग्रीस स्क्रूसारखं वर ढकलते. ते चुंबक आणि वाटीच्या मधे पोचलं की काटा जास्त वेग दाखवतो किंवा वरच चिकटून बसतो. तार पुसून पातळ थर द्या आणि मीटरकडची वीतभर कोरडी सोडा. ग्रीस न घालताही मीटरमध्ये तेल दिसलं तर पिनियन ज्यात फिरते त्या बुशमधलं ऑइल सील किंवा ओ-रिंग गेली आहे. ती बदलल्याशिवाय नवा मीटरही खराब होईल, आणि गिअरबॉक्समधलं तेलही तपासा. केबलला तीव्र बाक देऊ नका.

मीटर बंद ठेवून हंगाम काढू नका. केंद्रीय मोटार वाहन नियम, 1989 च्या 117 व्या नियमानुसार स्पीडोमीटर असणं बंधनकारक आहे, पासिंगला ते बघतात. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे भरल्या गाडीने कसारा घाट उतरताना वेग अंदाजाने कळत नाही.

काम झाल्यावर ओझरच्या पुढे पिंपळगावकडे हायवेवर सलग दहा किलोमीटरचे दगड मोजा आणि शेजारच्या माणसाला मोबाइलवरचा जीपीएसचा वेग बघायला सांगा. आकडे दगडांशी जुळले पण काटा जीपीएसशी जुळला नाही, तर वाटीची स्प्रिंग मीटरवाल्याकडून तपासून घ्या. दोन्ही सारख्याच प्रमाणात कमी दाखवत असतील तर पिनियनचे दात पुन्हा मोजा, आणि मागे मोठे टायर टाकलेत का तेही आठवून बघा.