रोमिओ-ज्युलिएटचे दोन सिनेमे आणि तुलनेचा निबंध: या चुका टाळा

दरवर्षी जानेवारीच्या सुमारास माझ्या टेबलावर निबंधांचा गठ्ठा येऊन पडतो. विषय ठरलेला: 'रोमिओ अँड ज्युलिएट'वरचे दोन सिनेमे, फ्रँको झेफिरेलीचा १९६८चा आणि बॅझ लुहरमनचा १९९६चा. पहिलं वाक्यही ठरलेलंच: 'पहिला चित्रपट पारंपरिक आहे, तर दुसरा आधुनिक.' मग चार पानं तेच घोळवलेलं. 'सर, पुढे काही सुचेना' असं मुलं म्हणतात तेव्हा मी आधी ते पहिलं वाक्य खोडायला सांगतो.

कपड्यांवरून परंपरा ठरवू नका

झेफिरेलीकडे मखमल आहे, घट्ट विजारी आहेत, दगडी गल्ल्या आहेत, म्हणून तो 'मूळ नाटकाच्या जवळचा'. त्या गल्ल्या नाटक जिथे घडतं त्या व्हेरोनातल्या नाहीतच. पिएंझा, गुब्बिओ अशा इटलीतल्या दुसऱ्याच गावांतल्या आहेत. बरं, शेक्सपिअरचे नट कथा कुठल्याही काळातली असो, बहुतेक आपल्याच काळातले कपडे घालून रंगमंचावर येत. त्या हिशोबाने फुलाफुलांचे शर्ट घालून हिंडणारी लुहरमनची पोरंच जास्त परंपरेतली ठरतात.

आणि १९६८ साली झेफिरेलीचा सिनेमा तरी कुठे जुना वाटला होता? त्याआधीचा हॉलिवूडचा मोठा प्रयत्न जॉर्ज क्यूकरचा, १९३६चा. त्यातली ज्युलिएट म्हणजे तिशी ओलांडलेली नॉर्मा शिअरर आणि रोमिओ म्हणजे चाळिशी पार केलेला लेस्ली हॉवर्ड. नाटकातल्या ज्युलिएटला तर अजून चौदावंही पूर्ण झालेलं नाही. (आपण हसायचं कारण नाही. आपल्याकडेही 'मानापमान' या संगीत नाटकातले पोट सुटलेले धैर्यधर पदं चांगली म्हणतात म्हणून खपून गेलेत.) झेफिरेलीने ऑलिव्हिया हसी आणि लिओनार्ड व्हायटिंग ही विशीच्या आतली पोरं घेतली, तेव्हाच्या तरुणांना ती आपल्यातली वाटली. आज पारंपरिक म्हणून शिकवला जाणारा सिनेमा त्याच्या काळात चांगलाच नवा होता. हे एवढं लक्षात आलं तरी निबंधाचा अर्धा गुंता सुटतो.

'लुहरमनने भाषा आजची केली' असं लिहू नका

केलेली नाही. पात्रं शेक्सपिअरचंच इंग्रजी बोलतात. सुरुवातीची पेट्रोल पंपावरची मारामारी पुन्हा बघा. रोमिओचा चुलतभाऊ बेनव्होलिओ 'तलवारी आवरा' म्हणतो, आणि कॅमेरा पिस्तुलाच्या इतका जवळ जातो की त्यावर कोरलेलं कंपनीचं नाव वाचता येतं: 'सोर्ड'. शब्द चारशे वर्षांपूर्वीचा, वस्तू आजची, आणि मधली फट बुजवायला एक ब्रँड. हा विनोद आहेच, पण या पोरांची खानदानी हत्यारंसुद्धा दुकानातून आलेली आहेत, हेही त्यात येऊन जातं.

याच्या उलट 'झेफिरेलीने नाटक जसंच्या तसं ठेवलं' हेही चूक. कात्री दोघांनीही भरपूर चालवली आहे. मेल्याचं सोंग आणणारं औषध पिण्याआधी ज्युलिएटचं एक मोठं स्वगत आहे: तळघरात पूर्वजांच्या हाडांमध्ये, मामेभाऊ टायबल्टच्या ताज्या प्रेताशेजारी एकटीला जाग आली तर? नाटकात ती खरी मोठी होते ती इथे. झेफिरेलीच्या सिनेमात त्या स्वगताचं जवळपास एक वाक्य उरतं. मला हे अजून माफ करता आलेलं नाही.

नाटक बाजूला ठेवून दोन सिनेमांची कुस्ती लावू नका

या चुकीमुळे मार्क सर्वांत जास्त जातात, आणि ती सहज लक्षातही येत नाही. नाटकात ज्युलिएटचं लग्न ज्याच्याशी ठरवलेलं असतं त्या पॅरिसला रोमिओ थडग्यापाशी मारतो. दोन्ही सिनेमांनी हा खून गाळला. दोघांतही नाही, म्हणजे तुलनेत तो कुणाला दिसतच नाही. पण रोमिओच्या हातावरचं रक्त पुसून त्याला निव्वळ बळी ठरवणं ही दोघांची मिळून केलेली निवड आहे.

शेवटाचंही तसंच. लुहरमनच्या सिनेमात रोमिओ विष घेतो त्याच क्षणी ज्युलिएट डोळे उघडते आणि त्याच्या गालाला हात लावते. 'आजच्या प्रेक्षकांसाठी केलेला बदल', असं हमखास लिहिलेलं असतं. पण डेव्हिड गॅरिकने १७४८मध्ये लंडनच्या रंगभूमीवर हेच केलं होतं: ज्युलिएट रोमिओ मरायच्या आधी जागी होते आणि दोघं बोलतातसुद्धा. पुढे कित्येक वर्षं इंग्रज प्रेक्षक हाच शेवट बघत होते. 'आधुनिक' शेवट अडीचशे वर्षं जुना निघाला.

एक छोटी सूचना, दरवर्षी द्यावी लागते म्हणून: 'सैराट'ला याच नाटकाचं रूपांतर म्हणू नका. नाटकाच्या पहिल्याच ओळीत दोन्ही घराणी तोलामोलाची आहेत असं सांगितलंय. आर्ची आणि परशाच्या घरांमध्ये तोलामोलाचं काय आहे? तिथला सगळा झगडाच त्या उतरंडीचा आहे.

निबंध तरीही अडकला तर

सगळा सिनेमा धरू नका. एकच जागा तिन्हीकडे बघा. माझी आवडती जागा म्हणजे न पोचलेलं पत्र: ज्युलिएटचं मरण खोटं आहे, ही युक्ती हद्दपार रोमिओला कळवणारं.

नाटकात पत्र नेणारा फ्रायर, म्हणजे ख्रिस्ती साधू, जॉन एका घरात गेलेला असतो, तिथे साथीचा संशय येतो आणि अधिकारी दारं बंद करून त्याला आत कोंडतात. (२०२०नंतरच्या मुलांना हे समजवावं लागत नाही.) दोष कुणाचाच नाही, नशीब फिरलं. झेफिरेलीने साथ काढून टाकली. त्याचा फ्रायर पत्र घेऊन गाढवावरून रमतगमत निघालाय, आणि मागून रोमिओचा नोकर बाल्थझार ज्युलिएट गेल्याची बातमी घेऊन घोडा फेकत त्याच्या पुढे निघून जातो. एक शब्द नाही, तरी सगळं कळतं: म्हाताऱ्यांची युक्ती गाढवाच्या चालीने, पोरांचं दुःख घोड्याच्या. लुहरमनकडे कुरिअरवाला आहे. वाळवंटातल्या कॅरॅव्हॅनचं दार तो वाजवतो, कुणी उघडत नाही, म्हणून नियमाप्रमाणे चिठ्ठी ठेवून निघून जातो. रोमिओ तिथेच जवळपास असतो.

साथ, गाढव आणि कुरिअरची चिठ्ठी. कागदावर तीन रकाने आखा आणि प्रत्येकाखाली लिहा: इथे पत्र कुणामुळे पोचलं नाही?