माती गोठली की प्रदूषक कुठे जातात? मिठाने करून बघा

माती गोठली म्हणजे तिच्यातली घातक रसायनं संपली, असा एक समज आहे. शिसं गोठूनही शिसंच राहतं. तेलाचे घटक खाणारे जिवाणू तर थंडीत मंदावतात, त्यामुळे तेल उलट जास्त टिकतं. बदलते ती जागा. बर्फाच्या स्फटिकात क्षाराला थारा नसतो. पाणी गोठत जातं तसा तो उरलेल्या पाण्यात ढकलला जातो.

हे पाहायला मीठ पुरतं. पेट्रोल किंवा कीटकनाशक फ्रीझरमध्ये अजिबात ठेवू नका. पेट्रोलच्या वाफेला एक ठिणगी पुरते.

१. एक लिटर डिस्टिल्ड वॉटरमध्ये २ ग्रॅम मीठ विरघळवा. धुतलेली बारीक वाळू त्यात ओलीचिंब करून प्लॅस्टिकच्या दोन उंच डब्यांत भरा. गोठताना पाणी सुमारे ९ टक्के फुगतं, म्हणून वर जागा सोडा. काच नको, तडकेल.

२. एका डब्याला बाजूंनी आणि तळाला जाड थर्माकोल लावा, वरची बाजू उघडी ठेवा. सगळी गंमत इथेच आहे: गारवा फक्त वरून शिरला पाहिजे. चहूबाजूंनी गोठलं तर मीठ मध्यभागी कोंडतं. दुसरा डबा तुलनेसाठी साध्या फ्रीजमध्ये ठेवा.

३. फ्रीझर सर्वांत कमी गारव्यावर ठेवा. घाईने गोठलेला बर्फ मीठ आतच अडकवतो. अधूनमधून काडी टोचून बघा. वरचा अर्धा भाग टणक झाला की डबा काढा.

४. दोन्ही डब्यांतली वरची आणि खालची वाळू वेगळी करा. प्रत्येकीची सारख्याच वजनाची वाळू पाचपट डिस्टिल्ड वॉटरमध्ये ढवळा, निवळू द्या आणि टीडीएस मीटर (पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारं छोटं यंत्र) बुडवा. गोठवलेल्या डब्यात खालचा आकडा जास्त यायला हवा.

५. आता हेच चिकणमातीत करा. निकाल इतका सरळ येणार नाही. तिच्या बारीक कणांभोवती शून्याखालीही पाण्याचा पातळ थर द्रवच राहतो आणि गोठणारा भाग खालचं पाणी वर ओढतो. त्याबरोबर मीठही वर चढू शकतं.

६. तीच माती पुन्हा भिजवून चार-पाचदा गोठवा आणि वितळवा, मग वरून खाण्याच्या रंगाचं पाणी ओता. माती उभी कापली तर भेगांमधून खाली उतरलेल्या रंगीत रेघा दिसतील.

म्हणूनच खऱ्या प्रदूषित जागेवर बर्फ वितळल्यानंतर एकाच खोलीचा नमुना घेऊन भागत नाही. वेगवेगळ्या खोलीवरचे नमुने घ्या, एकमेकांत मिसळू नका आणि प्रत्येक पिशवीवर खोली लिहा.